कृत्तिका काचेवर उतरल्या: हौशी दुर्बिणी आणि तारकागुच्छांच्या छायाचित्रांचा इतिहास

कार्तिकातल्या संध्याकाळी पूर्व क्षितिजावर कृत्तिकांचा पुंजका वर येतो. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून महिन्याला नाव मिळते. त्या न्यायाने कार्तिक हा कृत्तिकांचाच महिना. साध्या डोळ्यांना येथे सहा तारे दिसतात, आणि पुराणकथेनेही कार्तिकेयाला सहाच माता दिल्या आहेत. आज ज्याच्यापाशी लहानशी दुर्बीण, आकाशाबरोबर फिरणारी बैठक आणि कॅमेरा आहे, असा हौशी निरीक्षक पहिल्या काही छायाचित्रांत कृत्तिकांना हटकून घेतो. ताऱ्यांभोवती निळसर, धुरकट पदर उमटला की त्याला रात्र सार्थकी लागल्यासारखे वाटते.

तो निळसर पदर खरोखर आकाशात आहे की नाही, यावर एकेकाळी जाणत्या निरीक्षकांत एकमत नव्हते. डोळ्याने पाहिलेले खरे मानायचे की काचेवर उमटलेले, हा प्रश्न ज्यांच्या कामामुळे सुटला त्यांत एक वकील होता, एक शिळाछपाईचा कारागीर होता आणि एक इमारती बांधणारा कंत्राटदार होता. आजचा धागा त्यांच्याविषयी.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गॅलिलिओने १६१० मध्ये आपल्या दुर्बिणीतून कृत्तिकांकडे पाहिले तेव्हा सहाच्या जागी चाळिसांहून अधिक तारे दिसले. पुष्य नक्षत्रातला जो अंधुक ठिपका जुने लोक ढगासारखा मानत, तोही ताऱ्यांचाच समूह निघाला. मात्र हे तारे खरोखर एकमेकांजवळ आहेत, की आपल्या दृष्टिरेषेत योगायोगाने एकत्र दिसतात? १७६७ मध्ये जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने संभाव्यतेचे गणित मांडून दाखवले की कृत्तिकांतले ठळक तारे निव्वळ योगायोगाने इतके जवळ येण्याची शक्यता पाच लाखांत एक इतकीच आहे. म्हणजे हे एक कुटुंब आहे. अशा मोकळ्या बांधणीच्या कुटुंबांना आपण खुले तारकागुच्छ म्हणतो.

कुटुंब आहे हे कळले, तरी त्यातला सदस्य कोण आणि वाटेत दिसणारा परका कोण हे कसे ओळखावे? एकत्र जन्मलेले तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकतात. परका तारा आपल्या वाटेने जातो. तेव्हा ताऱ्यांच्या जागा अचूक मोजायच्या, काही दशके थांबायचे आणि पुन्हा मोजायच्या, हा एकच मार्ग. परंतु कृत्तिकांची गती वर्षाला विकलेच्या सुमारे विसाव्या भागाइतकी आहे. चंद्रबिंबाच्या रुंदीइतके अंतर सरकायला त्यांना छत्तीस-सदतीस हजार वर्षे लागतील. एवढे सूक्ष्म अंतर मोजायचे म्हणजे पहिली मोजणी निर्दोष हवी आणि ती पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी पोहोचायला हवी.

क्योनिग्सबर्गच्या बेसेलने हे काम डोळ्याने केले. आल्सायोनी या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या संदर्भाने त्याने कृत्तिकांतल्या ५३ ताऱ्यांच्या जागा हेलिओमीटर नावाच्या यंत्राने मोजल्या. त्यात त्याची दहाहून अधिक वर्षे गेली. बेसेलसारखा माणूस शतकात एखादाच निपजतो, हीच या पद्धतीची मोठी अडचण होती.

आता न्यूयॉर्कला जाऊ. लुईस रदरफर्ड हे पेशाने वकील. सासर-माहेर दोन्हीकडची सुबत्ता असल्याने वकिली सोडून खगोलशास्त्राला वाहून घेणे त्यांना शक्य झाले. शहरातल्या आपल्या घराच्या बागेत १८५६ मध्ये त्यांनी वेधशाळा बांधली. ताऱ्याचे छायाचित्र तोवर नवलाचा विषय राहिला नव्हता. हार्वर्डला १८५० मध्ये अभिजित तारा काचसदृश चकचकीत पत्र्यावर उतरवला गेला होता. रदरफर्ड यांना मात्र नवलापेक्षा मोजमाप हवे होते, आणि तेथे त्यांची गाठ भिंगाच्या एका स्वभावदोषाशी पडली.

भिंगाच्या दुर्बिणीत सर्व रंग एकाच जागी एकवटत नाहीत. दुर्बीण करणारा कारागीर पिवळा-हिरवा प्रकाश नेमका एकवटेल अशी भिंगे घासतो, कारण डोळा त्याच रंगांना अधिक संवेदनशील असतो. त्या काळच्या छायाचित्राच्या काचेला मात्र निळा-जांभळा प्रकाशच दिसे. त्यामुळे डोळ्याला टाचणीच्या अग्राइतका नेमका दिसणारा तारा काचेवर फुगीर डाग होऊन उतरे. दोन डागांमधले अंतर विकलेच्या अंशापर्यंत कसे मोजणार?

रदरफर्ड यांनी धाडसी निर्णय घेतला. डोळ्याचा विचारच सोडून, केवळ काचेसाठी भिंग घडवायचे. वर्णपटदर्शकाने तपासत, पुन्हा पुन्हा घासत, १८६४ मध्ये त्यांनी सव्वाअकरा इंच व्यासाचे भिंग सिद्ध केले. या दुर्बिणीतून डोळ्याने पाहिले तर सारे धूसर. म्हणजे ज्या दुर्बिणीतून पाहता येत नाही, अशी दुर्बीण एका माणसाने स्वखर्चाने बनवली! शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते कसे समजावून सांगितले असेल, कोण जाणे.

त्या वेळची काचही मोठी हट्टी. ओल्या कलोडियनचा थर काचेवर ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायचा, तसाच ओला दुर्बिणीत बसवायचा आणि वाळण्याआधी धुऊन घ्यायचा. साऱ्याला मिळून काही मिनिटे. तेवढ्यात जो प्रकाश पडेल तो आपला. तरीही नव्या भिंगाने तीन मिनिटांत साधारण नवव्या प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्याच्या मर्यादेहून कितीतरी अंधुक तारे टिपले जाऊ लागले. १८६५ पासून रदरफर्ड यांनी कृत्तिका आणि पुष्यातला गुच्छ यांच्या काचा घेण्यास आरंभ केला, आणि मोजणीस योग्य अशी तारकागुच्छांची छायाचित्रे जगाला मिळू लागली.

या माणसाची खरी थोरवी त्याने स्वतःवर घेतलेल्या शंकांत दिसते. काचेवरचा ठिपका तारा आहे की धुळीचा कण? त्यासाठी ते एकाच काचेवर दोनदा छायाचित्र घेत आणि मध्ये दुर्बीण किंचित सरकवत. खरा तारा जोडीने उमटे, धुळीचा कण एकटा राही. काचेवर पूर्व-पश्चिम दिशा कोणती? त्यासाठी शेवटी दुर्बीण स्थिर ठेवून ताऱ्याला स्वतःची रेघ ओढू देत. ओला थर वाळताना आक्रसून तारे सरकत तर नाहीत ना? त्यासाठी काचेला आधी अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप देऊन थर घट्ट बसवला. मोजणीचे यंत्रही स्वतःच केले. आजचा छायाचित्रकार कॅमेऱ्यातले खोटे ठिपके गाळण्यासाठी प्रत्येक चित्रानंतर दुर्बीण थोडी हलवतो, ती युक्ती या जोडठिपक्यांचीच थोरली बहीण म्हणावी.

मोजलेल्या आकड्यांचे गणित बेंजामिन गूल्ड या खगोलशास्त्रज्ञाने केले. १८६६ मध्ये त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे निष्कर्ष मांडला: बेसेलच्या वर्षानुवर्षांच्या मोजणीशी या काचा उत्तम जुळतात. हे सांगणे साधे वाटते, परंतु त्याचा अर्थ असा की एका रात्रीतल्या काही मिनिटांच्या कामाने एका महान निरीक्षकाच्या दशकभराच्या श्रमाची बरोबरी केली होती. तो प्रबंध छापून यायला मात्र १८८८ उजाडले.

गूल्ड पुढे अर्जेंटिनातल्या कोर्दोबा येथे वेधशाळा उभारण्यास गेला, तेव्हा रदरफर्ड यांचे ते भिंग त्याच्यासोबत होते. पेटी उघडली तर भिंगाची एक काच फुटलेली! तुकडे सांधून त्याने काम चालू केले, पुढे नवे भिंग मागवले आणि दक्षिण आकाशातल्या तारकागुच्छांच्या काचांवर काचा घेतल्या. त्या मोजण्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये, म्हणजे गूल्डच्या मृत्यूनंतर वर्षभराने निघाला.

इथवर झाला ताऱ्यांचा भाग. आता त्या निळसर पदराकडे वळू.

१८५९ च्या ऑक्टोबरात व्हेनिसमध्ये विल्हेल्म टेम्पेल हा जर्मन गृहस्थ चार इंची दुर्बिणीतून आकाश न्याहाळत होता. शिळाछपाई हा त्याचा व्यवसाय, आकाश ही हौस. कृत्तिकांतल्या मेरोपी या ताऱ्याच्या दक्षिणेला त्याला एक फिकट, धूसर पट्टा दिसला, आरशावर श्वास सोडल्यावर उमटावा तसा. हा धूमकेतू असावा असे त्याला आधी वाटले, पण दुसऱ्या दिवशीही तो तेथेच होता.

युरोपभरच्या निरीक्षकांनी दुर्बिणी तिकडे वळवल्या. कोणाला दिसला, कोणाला नाही. विशेष म्हणजे कित्येकदा मोठ्या दुर्बिणीवाल्यांनाच दिसला नाही. ते स्वाभाविकही होते. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा चिमुकला तुकडाच मावतो. धूसर पट्टा सगळा दृष्टिक्षेत्र व्यापून बसला तर त्याची कड दिसत नाही, आणि कड दिसल्यावाचून डोळ्याला अंधुक वस्तू जाणवत नाही. परंतु लहान दुर्बीण बाळगणारा छपाई कारागीर बरोबर आणि मोठी दुर्बीण बाळगणारे चूक, हे मान्य करायला मन धजत नाही. पंचवीस वर्षे हा वाद असाच रेंगाळला.

दरम्यान छायाचित्रणकलेत मोठी उलथापालथ झाली. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात सहज मिळू लागल्या. आता काच वाळण्याची घाई उरली नाही. तासन् तास प्रकाश साठवता येऊ लागला. डोळा एका क्षणात जे पाहील ते पाहील, अधिक वेळ रोखून पाहिल्याने त्याला अधिक दिसत नाही. काच मात्र थेंबाथेंबाने तळे साठवते.

पॅरिस वेधशाळेतल्या पॉल व प्रॉस्पेर आँरी या बंधूंनी १६ नोव्हेंबर १८८५ रोजी कृत्तिकांचे तीन तासांचे छायाचित्र घेतले. मेरोपीजवळ नव्हे, तर माया या ताऱ्याजवळ, कोणी कधीही न पाहिलेला वळणदार तेजोमेघ काचेवर होता. काचेचा दोष असेल म्हणून त्यांनी पुन्हा छायाचित्रे घेतली. तेजोमेघ पुन्हा तेथेच. पुढे १८८६ च्या फेब्रुवारीत रशियातल्या पुल्कोवो येथे ऑटो स्ट्रूव्ह यांना तीस इंची प्रचंड दुर्बिणीतून तो डोळ्याने दिसला; कोठे पाहायचे हे आता ठाऊक होते म्हणून.

या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील अमेरिकेतला आहे. हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांच्याकडे त्याच नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे आँरी बंधूंच्या आधी घेतलेली काच होती. तीवरही मायाजवळचा डाग उमटलेला होता. तो दोष समजून बाजूला ठेवला गेला होता. पॅरिसची बातमी आल्यावर काच पुन्हा काढली गेली आणि दोषाचा शोध झाला, पण तोवर श्रेय दुसरीकडे गेले होते.

आता आपला कंत्राटदार. आयझॅक रॉबर्ट्स हे मूळचे वेल्सचे, लिव्हरपूलला इमारती बांधून त्यांनी पैसा मिळवला. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्याकडून वीस इंची आरशाची दुर्बीण बनवून घेतली. आरशाला रंगांचा तो जुना दोष नसतो. निळा आणि पिवळा एकाच जागी येतात. छायाचित्र थेट आरशाच्या केंद्रस्थानी ठेवलेल्या काचेवर घ्यायचे आणि जोडीला बसवलेल्या सात इंची भिंगाच्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवून दुर्बीण नेमकी चालवायची, अशी रचना होती. घड्याळी यंत्रणा असली तरी ती अचूक नसे. तीन तास थंडीत डोळा भिंगाला लावून, तारा किंचित हलला की स्क्रू फिरवायचा. हे काम आज लहानसा दुय्यम कॅमेरा आणि संगणक करतात, आणि निरीक्षक घरात चहा पितो.

१८८६ च्या अखेरीस लिव्हरपूलजवळच्या मॅघल या गावातून रॉबर्ट्स यांनी कृत्तिकांची जी छायाचित्रे घेतली, त्यांत मेरोपी आणि माया यांच्याभोवतीच नव्हे, तर आल्सायोनी व इलेक्ट्रा यांच्याभोवतीही तेजोमेघाचे पदर पसरलेले होते. टेम्पेलचा पट्टा हा एका मोठ्या विस्ताराचा कोपरा होता. टेम्पेल तेव्हा फ्लॉरेन्सजवळच्या वेधशाळेत आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत होता. १८८९ मध्ये तो वारला. त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत सिद्ध झाले, एवढे तरी त्याच्या वाट्याला आले.

रॉबर्ट्स यांनी पुढे १८९३ आणि १८९९ मध्ये तारे, तारकागुच्छ व तेजोमेघ यांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. १८९२ नंतरच्या बऱ्याच काचांमागे त्यांचे साहाय्यक फ्रँक्स यांचे जागरण आहे. मुखपृष्ठावर नाव मालकाचे असते, हा नियम खगोलशास्त्रातही चालतो. रॉबर्ट्स यांची पत्नी डोरोथिया क्लम्पके ही पॅरिस वेधशाळेत काचा मोजणाऱ्या विभागाची प्रमुख होती. पतीच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी, १९२९ मध्ये, तिने त्यांच्या काचांमधून निवडलेल्या ५२ क्षेत्रांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला.

ग्रब यांच्याच कारखान्याची एक दुर्बीण त्याच सुमारास पुण्यास आली होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या पाच हजार रुपयांना मुंबई सरकारने तेवढीच जोड दिली, आणि १८८८ च्या सुमारास पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा भर मात्र वर्णपटांच्या अभ्यासावर होता. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि सामग्री कोडाईकनालला गेली. पुण्यासारख्या शहरात या वास्तूची आठवण इतकी पुसट असावी, याचे वाईट वाटते.

तारकागुच्छांच्या काचांशी अधिक जवळचा संबंध हैदराबादचा. तेथील नवाब जफर जंग हे हौशी खगोलप्रेमी. त्यांनी स्वतः मागवलेल्या दुर्बिणींतून १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेचा आरंभ झाला आणि १९०७ मधील त्यांच्या निधनानंतर निजामाच्या सरकारने ती चालवली. आठ इंची छायाचित्रण दुर्बिणीने तिने आकाशाचा दक्षिणेकडील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा काचांवर उतरवला. १८८७ मध्ये पॅरिसला जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी आँरी बंधूंच्या यशावरून सारे आकाश वाटून घेऊन छायाचित्रित करण्याचा जो संकल्प सोडला, त्याचा हा हिस्सा. व्याधाच्या खाली दुर्बिणीतून सुंदर दिसणारा एम ४१ आणि धनू राशीतले एम २३ व एम २५ हे खुले गुच्छ याच पट्ट्यात येतात.

त्या प्रचंड संकल्पाची पुढे बरीच कुचेष्टा झाली. काम दशकानुदशके रखडले, अनेक वेधशाळा त्यातच गुंतून पडल्या आणि नव्या संशोधनाला मुकल्या. टीका रास्त होती. परंतु हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांच्या नव्या जागा मोजल्यावर तुलनेला शंभर वर्षांपूर्वीच्या जागा हव्या होत्या, आणि त्या या काचांच्या मोजणीतच होत्या. २००० साली सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगतींची टायको-२ ही यादी प्रसिद्ध झाली, तिच्या पायाशी हैदराबादच्या काचाही आहेत. रदरफर्ड यांच्या काचा १८९० मध्ये कोलंबिया विद्यापीठाकडे गेल्या आणि तेथे हॅरोल्ड जेकोबी यांनी कृत्तिका पुन्हा मोजल्या. घेणारा थकला, तरी काच कामास येत राहिली.

निळसर पदर म्हणजे नेमके काय, याचे उत्तर १९१२ मध्ये लॉवेल वेधशाळेच्या व्हेस्टो स्लायफर यांनी दिले. मेरोपीजवळच्या मेघाचा वर्णपट थेट ताऱ्यासारखाच निघाला. म्हणजे तो मेघ स्वतः प्रकाशत नाही. ती धूळ आहे आणि ताऱ्याचा प्रकाश परावर्तित करते. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी शंभर खुल्या गुच्छांचा अभ्यास केला. तेजावरून काढलेल्या अंतरांनुसार दूरचे गुच्छ आकाराने विचित्र रीतीने मोठे भरत होते. गुच्छ मोठे नव्हते. वाटेतल्या धुळीने त्यांचा प्रकाश मंद केला होता, म्हणून ते आहेत त्याहून दूर वाटत होते. आकाशगंगेत सर्वत्र धूळ पसरलेली आहे हे अशा रीतीने सिद्ध झाले, आणि तोवर मोजलेली कित्येक अंतरे चुकीची ठरली.

कृत्तिकांभोवतीची धूळ त्यांच्या जन्माची शेष सामग्री असावी, असे दीर्घकाळ समजले जाई. आता आपल्याला ठाऊक आहे की हे तारे दहा कोटी वर्षांच्या आसपासचे असून ती धूळ केव्हाच पांगायला हवी होती. सध्या दिसणारा मेघ परका आहे. गुच्छ आपल्या वाटेने जाताना त्यातून जात आहे.

आज वांगणीसारख्या थोड्या काळोख्या जागी तीन-चार इंची भिंगाच्या दुर्बिणीने मिनिट-दोन मिनिटांची पन्नास-साठ चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केली, की मेरोपीजवळचा तो पट्टा स्पष्ट उमटतो. अमावास्येजवळची रात्र घ्यावी, कृत्तिका डोक्यावर येईपर्यंत थांबावे, आणि ताऱ्यांचे तेज काचेवर भाजून निघेल इतके दीर्घ एकच चित्र घेण्यापेक्षा लहान लहान चित्रांची बेरीज करावी. संपादित चित्राबरोबर मूळ फाइल्सही, तारीख व वेळ नोंदवून जपून ठेवाव्यात. पिकरिंग यांच्या त्या काचेवरचा डाग कोणी पुसला नव्हता, म्हणूनच ती पुन्हा काढून पाहता आली.